गुरुवारचा भाग

२ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर पोचलं. पाकिटावर कंपनीचा एवढा मोठा शिक्का आणि त्याखाली तुझा नवा हुद्दा. ते बघून आमच्या मुख्याध्यापिकाबाई स्वतः ग्रंथालयात येऊन पत्र देऊन गेल्या आणि भाऊ साहेब झाला वाटतं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, झालाय खरा, पण नाक पुसायला अजून ताई लागते. रागावू नकोस. मला इतका आनंद झाला की पुस्तकांवर नंबर घालताना दोनदा चुकले.

चिऊला सांगितलं की मामा आता टीव्हीच्या मालिकेचा कार्यकारी निर्माता झालाय. तिने विचारलं, म्हणजे मामा लिहितो, की काम करतो, की कॅमेरा धरतो? मी म्हटलं, यातलं काहीच करत नाही, पण यातलं काही बिघडलं की बोलणी तोच खातो. बरोबर ना? नटांच्या कपड्यांना इस्त्री करण्यापासून सुरुवात केलीस, मग कुणी किती वाजता सेटवर यायचं ते ठरवणारा झालास, आणि आता आठची अख्खी मालिका तुझ्या हाताखाली. आई असती तर तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सळो की पळो करून सोडलं असतं.

यापुढेही पत्रं शाळेतच पाठव. फोनवर आपण हवापाण्याचं बोलू, तेवढं बरं. हे ऑफिसातून आले की चहा घेता घेता माझा फोन बघतात, कुणाचा आला, किती वेळ बोलले. सवय आहे त्यांची. पत्रं मी वाचते आणि फाडते, तेव्हा पुढेमागे माझ्याकडून तुझा पत्रसंग्रह निघेल ही आशा सोड.

तुझी मालिका मात्र हे न चुकता बघतात. आठ वाजले की घरात भांड्याचा आवाजसुद्धा चालत नाही. मेहुणा काढतो म्हणून ऑफिसात मिरवतातही.

जेवत जा वेळेवर. पत्र लहान लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
ताई


११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिऊला सांग, मामा काय करतो ते मामालाही नीट कळलेलं नाही. थोडक्यात असं, की आठच्या ठोक्याला बावीस मिनिटांचा नवा भाग पडद्यावर गेला पाहिजे. नायिकेला ताप येवो, सेटचं छप्पर गळो, भाग गेलाच पाहिजे. म्हणून पुढच्या भागांचा साठा करून ठेवायचा, त्याला आम्ही बँक म्हणतो. बँक भरलेली असली की झोप लागते. भाग गेला नाही, तर कार्यकारी निर्माता जातो. माझ्या आधीच्या दोघांतला एक असाच गेला.

आनंद वगैरे ठीक आहे, पण खरं सांगू का, खुर्चीत बसल्यापासून रात्री दोनदा उठून बँक मोजतो. टीआरपी घसरलाय. चॅनेलच्या बाईंनी हसत हसत सांगितलं की दिवाणखान्यातली भांडणं लोकांना पाठ झाली आहेत, सहा आठवड्यांत काहीतरी नवीन दाखवा, नाहीतर मालिका बंद. मालिका बंद म्हणजे सेटवरची सत्तर माणसं घरी, आणि सगळ्यात आधी मी.

नवी लेखिका हुशार आहे. ती म्हणते, नायिकेचा नवरा आता संशयी, हिशेबी दाखवू. मारहाण नको, ती सगळेच दाखवतात. बारीकसारीक गोष्टी हव्यात, ज्या बघून बायका म्हणतील, अगंबाई, हे तर आमच्याकडेच होतं. पण तिचं लग्न झालेलं नाही आणि माझंही नाही. आम्ही दोघं म्हणजे पोहायला न येणाऱ्यांनी विहीर खोदल्यासारखं. तुमच्या शिक्षिकांच्या खोलीत अशा कहाण्या पुष्कळ असतील. दोनचार कळव ना. नाव-गाव काही नको.

चिऊला गोड पापा. तुझ्या धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू


१९ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक उ. आ.

तू दुसऱ्या बायकांचं विचारलंस. तीन दिवस विचार केला आणि ठरवलं, माझंच सांगते. आईला सांगितलं नाही, तुला इतकी वर्षं सांगितलं नाही. आता कुणालातरी सांगायलाच हवं, कारण मी इथून निघायचं ठरवलंय.

हे रोज सकाळी आणि संध्याकाळी माझ्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा बघतात. शाळा ते घर किती, त्यांना पाठ आहे. एकदा रस्ता खणला होता म्हणून वळसा घालून आले, तर त्यांनी संध्याकाळी तो रस्ता स्वतः जाऊन बघितला, तेव्हा कुठे जेवले. रडायचं तर मी न्हाणीघरात नळ सोडून रडते. मारलं का, असं तू विचारशील. मारत नाहीत. मागच्या महिन्यात दार लावताना माझा हात फटीत होता, आणि तो त्यांना दिसत होता. एवढंच.

एकदा मी चारचौघांसारखी बोलले होते, की मी काही दिवस वेगळी राहते. ते शांतपणे म्हणाले, जा. आणि चिऊला घेऊन गच्चीवर गेले, दाराला पलीकडून कडी लावली. संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत. मी दाराशी बसून माफी मागत राहिले. त्यांना कळलं तर ते मला अडवणार नाहीत रे, ते चिऊला घेऊन जातील. मला भीती आहे ती तेवढीच.

म्हणून त्यांना कळता कामा नये. मुख्याध्यापिकाबाईंनी दूर एका निवासी शाळेत माझ्यासाठी शब्द टाकलाय, नोकरी राहत्या जागेसकट. मी रोज घरातली एकेक वस्तू शाळेत नेते आहे. माझी प्रमाणपत्रं, चिऊचा जन्मदाखला, एखादा परकर, चिऊचा एखादा फ्रॉक. डब्याच्या पिशवीत, तळाशी, वर डबा. माझी पर्स ते बघतात, पण डब्याची पिशवी त्यांनी कधी उघडलेली नाही. तेलकट असते ना. ग्रंथालयातलं खालचं कपाट आता निम्मं भरलंय.

तुझ्याकडे ये म्हणू नकोस. ते पहिल्यांदा तिथेच येतील.

हे सगळं मी भावाला लिहिलंय, साहेबाला नाही. लिहून हलकं वाटलं. वाचलंस की फाड.

तुझी,
ताई


५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी सेटवरच्या मेकअपच्या खोलीत दार लावून बसलो. इतकी वर्षं मी तुझ्याकडे येऊन, भाऊजींच्या शेजारी बसून, त्यांच्या विनोदांवर हसून गेलोय. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. तुला हवं ते सांग, गाडी पाठवू, माणसं पाठवू, मी स्वतः येऊ. तू नको म्हणालीस म्हणून हातावर हात ठेवून बसलोय.

आता जे लिहितो ते वाचून रागावू नकोस. किलोमीटरचा आकडा आणि न्हाणीघरातला नळ, या दोन गोष्टी लेखिकेने मालिकेत घेतल्या. मीच सांगितल्या, एका ओळखीच्या बाईंचं म्हणून. ताई, काय झालं सांगू? नवरा वाकून तो आकडा बघतो एवढंच दृश्य, शब्द एकही नाही, आणि त्या आठवड्यात आमचा टीआरपी दुपटीला टेकला. बायकांचे फोन, बायकांची पत्रं. चॅनेलच्या बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. बंद पडणारी मालिका उभी राहिली. सत्तर घरांच्या चुली तुझ्यामुळे पेटत्या राहिल्या असं समज.

मला माहीत आहे, तुझ्या दुःखावर मी पोळी भाजून घेतली असं तुला वाटेल. तसं नाही. तुझी गोष्ट लोकांना कळली, याचं मला खरंच बरं वाटलं.

निघायचं कधी ते कळव. तोवर जिवाला जप, आणि माझा कान पिळायचा राहिलाय हे विसरू नकोस.

तुझा,
टिल्लू


१४ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
आ.

कान पिळण्याइतकी मी शांत नाही.

किलोमीटरचं दृश्य मी यांच्या शेजारी बसून बघितलं. हे चहा पीत होते. म्हणाले, नवऱ्याचं काय चुकलं, बाई सरळ असती तर तिला आकड्याची भीती कशाला वाटली असती. त्यांना स्वतःची ओळखसुद्धा पटली नाही! मला क्षणभर हसू आलं, खोटं कशाला बोलू. चोवीस तास आरशासमोर उभा राहिलेला माणूस, आणि त्याला वाटतं शेजाऱ्याचा फोटो आहे.

मग नळाचा भाग आला. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात गेले तर दाराबाहेरून आवाज आला, पाणी वाया घालवू नकोस. मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले. ते बाहेर उभे होते. बराच वेळ उभे होते. परवा स्कूटरचा आकडा बघताना वर बघून माझ्याकडे हसले.

टिल्लू, ते आता मालिका बघत नाहीत, अभ्यास करतात. नायिका काही करते तेव्हा ते माझ्याकडे बघतात. मी चेहरा कसा ठेवू? तुझ्या पाया पडते, मोठी असून पडते. माझं काहीही यापुढे त्यात घालू नकोस. डब्याच्या पिशवीचं तर कुणाजवळ बोलूही नकोस.

निघायचा दिवस ठरलाय. चिऊची परीक्षा एकोणीस सप्टेंबरला, शुक्रवारी संपते. शनिवारी सकाळी हे ऑफिसच्या प्रशिक्षणाला जातात, रविवारी परत. नव्या शाळेतली जागाही शनिवारपासूनच मोकळी होतेय. तेवढाच एक दिवस आहे. असा दुसरा कधी मिळेल सांगता येत नाही.

काळजी कर, पण तोंड बंद ठेवून कर.

तुझी,
ताई


२२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चुकलो. लेखिकेला आजच बजावून सांगितलं की त्या ओळखीच्या बाईंचं आता काहीही नको. ती जरा फुगली, पण ऐकेल. पिशवीचं मी कुणाकडेच बोललेलो नाही, आईची शपथ. तू निर्धास्त राहा.

वीस तारखेपर्यंत मी पत्र पाठवत नाही, उगाच भाऊजींना वास लागायला नको. कसलीही अडचण आली तर मुख्याध्यापिकाबाईंच्या फोनवरून मला फोन कर. मी कुठेही असलो, कुठलंही शूटिंग चालू असलं, तरी उचलेन.

तुझ्या पाठीशी असलेला,
टिल्लू


१५ सप्टेंबर, सोमवार

ती. ताईस,
शि. सा. न.

सकाळी अकराला शाळेत फोन केला होता. तू परीक्षेच्या वर्गावर होतीस. मुख्याध्यापिकाबाईंना एवढंच सांगितलं की मालिकेत डब्याची पिशवी येणार आहे, ताईला आत्ताच्या आत्ता कळवा. त्यांनी एक शब्दही न विचारता लगेच सांगते म्हटलं. तुला निरोप मिळाला असेल. बाकीचं या पत्रात, कुरिअरने पाठवतोय.

पडद्यावर जाणारा प्रत्येक भाग आधी मी बघून पास करायचा असतो. आज गुरुवारचा भाग बघायला बसलो. सुरुवातच अशी, की नायिका स्वयंपाकघरात उभी आहे आणि डब्याच्या पिशवीच्या तळाशी मुलीचा फ्रॉक घडी करून ठेवते आहे. वर डबा. हे दृश्य मी चॅनेलच्या मीटिंगला गेलो होतो त्या दिवशी शूट झालं. लेखिकेला विचारलं तर ती म्हणाली, तुम्हीच तर सांगितलं होतंत, आणि हे लिहून तर जुलैतच झालं होतं, तुम्ही नवीन काही नको म्हणालात.

ताई, मीच सांगितलं होतं. तुझं ते मोठं पत्र आलं त्या दिवशी मी इतका हललो होतो की जी पहिली व्यक्ती समोर आली तिला, ओळखीच्या बाईंचं म्हणून, अख्खं वाचून दाखवलं. ती व्यक्ती लेखिका होती. मला ते आठवतही नव्हतं, आणि मी आईची शपथ घातली.

दृश्य कापून भागत नाही. अख्खा भाग त्या पिशवीभोवती विणलाय. पुढे नवरा कपाट उघडतो, फळ्या रिकाम्या दिसतात, तिथे भाग संपतो. तू नुसती पिशवी रिकामी ठेवलीस तरी भाऊजी तो भाग बघून कपाट उघडतील, आणि कपाट बोलेल. म्हणून मी ठरवलंय, गुरुवारचा भाग जाणार नाही. मूळ चित्रीकरणही पुसून टाकलं. त्याच्या पुढचे भागही त्यालाच जोडलेले, तेव्हा बँक असून नसल्यासारखी. गुरुवारी आठ वाजता काय दाखवायचं ते चॅनेलने बघावं.

मंगळवार सकाळ. कुरिअरवाला यायच्या आत चार ओळी, आज दुपारीच शाळेत पोचवतो म्हणालाय. आणखी एक घोळ कळला. प्रत्येक भागाची झलक चॅनेलवाले आधीच कापून घेतात, प्रोमो म्हणतात त्याला. गुरुवारच्या प्रोमोत काय आहे हे तुला सांगायला नको. आज संध्याकाळी साडेसातला तो लागणार आहे. चॅनेलच्या बाईंकडे धावत गेलो. त्या म्हणाल्या, वर्षातला सगळ्यात चांगला प्रोमो आहे, थांबवायचा कशाला? शेवटी अर्धं खरं सांगितलं. नात्यातल्या एका बाईंच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, थांबवते.

त्यांच्या थांबवतेवर माझा विश्वास नाही. साडेसातला टीव्ही बंद पाड, दिवे घालव, काहीही कर. हात जोडतो.

टिल्लू


२३ सप्टेंबर

श्री. मेहुणेसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपला पत्रव्यवहार आजवर नव्हता, तरी आज मीच लिहितो. नातेवाइकांनी एकमेकांची खबर ठेवावी अशा मताचा मी आहे.

तुमची मालिका मी पहिल्या भागापासून पाहतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. मागच्या मंगळवारी साडेसातच्या सुमारास गुरुवारच्या भागाची एक झलक दाखवली. ती बाई डब्याखाली काहीतरी घडी करून ठेवत होती. कल्पना मला फारच आवडली. जी वस्तू रोज डोळ्यांसमोर असते, तिच्याकडे आपण बघतच नाही. गंमत म्हणून मी उठून आमच्याकडची पिशवी पाहिली. डबा होता, चमचा होता, बाकी काही नाही. मग गंमत म्हणूनच कपाटही उघडले. सर्व कपडे जागच्या जागी होते. मला बरे वाटले आणि थोडी लाजही वाटली.

गुरुवारी कार्यालयातून मुद्दाम लवकर आलो. आठ वाजता पाहतो तो जुनाच भाग! तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. तुमच्यासारखा वक्तशीर माणूस अख्खा भाग उगाच गिळणार नाही. परंतु शनिवारी प्रशिक्षणास जाणे भाग होते. ठरलेले मी चुकवत नाही. रविवारी परत आलो, तर घरात दिवा नव्हता. कपडे मात्र सर्व कपाटात. तुमच्या नायिकेपेक्षा माझी पत्नी हुशार निघाली, असे म्हणायला हवे.

ती तुमच्याकडे नाही, हे मी काल येऊन पाहून गेलो. तुम्ही घरी नव्हता. शेजारच्या आजोबांनी आग्रहाने बसवून घेतले. तुमची खोली स्वच्छ असते, असे ते म्हणाले. शाळेतही जाऊन आलो. मुख्याध्यापिका सभ्य बाई आहेत, पण त्यांना काही माहीत नाही.

मी रागावलेलो नाही. तुमच्या मालिकेत येते ते आमच्या घरी घडते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा तुम्हांस पुढची गोष्ट ठाऊक असणार. ती बाई मुलीला घेऊन कुठे जाते, एवढेच कळवावे. मी वाट पाहीन. मला वाट पाहता येते.

चिऊचा स्वेटर इथेच राहिला आहे. थंडीचे दिवस येतील. काळजी वाटते.

तुमच्यावरचा लोभ मी कमी होऊ देणार नाही.

आपला,
भाऊजी


२८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुख्याध्यापिकाबाईंच्या हवाली हे पत्र करतोय. त्या तुला पोचवतील असं म्हणाल्या, कुठे ते मात्र बोलल्या नाहीत. तू निघालीस एवढं त्यांच्या आवाजावरून कळलं आणि मी फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला बसलो.

प्रोमो लागलाच होता, एकदा. चॅनेलच्या बाई म्हणाल्या, वेळापत्रकातून काढायचा राहून गेला. मंगळवार ते शनिवार मी कसा काढला ते विचारू नकोस. फोनची घंटी वाजली की छातीत धस्स व्हायचं, आणि नाही वाजली की त्याहून जास्त.

गुरुवारी नवा भाग गेला नाही, म्हणून शुक्रवारी मी गेलो. कंपनीच्या दारावरच्या माणसाने माझं ओळखपत्र काढून घेतलं आणि वर सलामही ठोकला. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते भाऊजींच्या पत्राचं. त्याची नक्कल सोबत जोडली आहे, वाचायचं धाडस असेल तर वाच. ते माझ्या दारापर्यंत येऊन गेले. काल संध्याकाळी खाली पानाच्या टपरीशी पुन्हा उभे होते. मी दिसल्यावर हात हलवला. रात्रभर मी दाराला खुर्ची लावून ठेवली.

आणखी एक सांगतो, तुझ्यापासून लपवाछपवी आता नको. परवा चॅनेलच्या बाईंचा फोन आला. मालिका पुन्हा खाली जातेय, आणि झलक दाखवूनही पिशवीचं पुढे काय झालं म्हणून लोक विचारतायत. मी अर्धं खरं सांगितलं होतं, त्यावरून उरलेलं त्यांनी ताडलंय. त्या म्हणाल्या, परत ये, खुर्ची तुझीच आहे, पण ती बाई सुटते कशी आणि जाते कुठे, ते आम्हाला खरंखुरं हवं. मी नाही म्हणणारच आहे. विचार करून सांगतो म्हटलंय, अजून नाही म्हणालेलो नाही. त्या सत्तर माणसांचे फोन येतात गं, म्हणून जीभ अडखळली.

तू कुठे आहेस? चिऊ कशी आहे? पत्ता कळव. एकदा तुम्हा दोघींना डोळ्यांनी बघितलं की माझा जीव थाऱ्यावर येईल.

तुझा,
टिल्लू


९ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,
अनेक उ. आ.

आम्ही दोघी ठीक आहोत. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

सोमवारी तुझा निरोप मुख्याध्यापिकाबाईंनी परीक्षेच्या वर्गात येऊन माझ्या कानात सांगितला. मुलं पेपर लिहीत होती. मी पुरवण्या दिल्या, घंटा झाल्यावर उत्तरपत्रिका गोळा केल्या, आणि मग खालचं कपाट उघडलं. तीन महिने एकेक करून आणलेलं सगळं, कागदपत्रं सोडून, दोन मोठ्या पिशव्यांत भरून त्याच दुपारी परत घरी नेलं. हे यायच्या आत प्रत्येक फळी पहिल्यासारखी लावली. चिऊचे फ्रॉक घडी करताना मला वाटलं, आपण आपल्याच हातांनी पुन्हा दाराला कडी घालतो आहोत.

मंगळवारी साडेसातला चिऊ टीव्हीपुढे अभ्यास करत होती. तू लिहिल्याप्रमाणे टीव्ही बंद पाडायचा विचार माझ्या मनात आला होता, पण तोही त्यांना दिसला असता. झलक लागली. मी वाटाणे सोलत होते, सोलत राहिले. हे उठले, स्वयंपाकघरात गेले. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग आतल्या खोलीत कपाटाचा. बराच वेळ काहीच आवाज नाही. परत येऊन बसले आणि माझ्या ताटलीतला एक वाटाणा उचलून तोंडात टाकला. मी पुढची शेंग उचलली. शनिवारपर्यंत चारही दिवस ते माझ्याशी फार प्रेमाने वागले. त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

शनिवारी त्यांची गाडी सुटायची वेळ टळून गेल्यावर आम्ही निघालो. रिकाम्या हातांनी, भाजी आणायला निघाल्यासारख्या. स्कूटर दारातच ठेवली. वाटेत चिऊने एकदाच विचारलं, परत कधी यायचं. इथे आल्यापासून ती रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपते.

तू भाग अडवलास, नोकरी घालवलीस. तसं केलं नसतंस तर मी आज हे लिहायला नसते, किंवा असते तर चिऊशिवाय असते. हे मी जन्मभर विसरणार नाही. लहानपणी तुला कडेवर घेऊन फिरवलं त्याचं तू भरभरून फेडलंस. आणि माझं गुपित फोडलंसही तूच. दोन्ही खरं आहे, मी दोन्ही धरून आहे.

यांच्या पत्राची नक्कल वाचली. वाचताना चिऊ काय वाचतेस म्हणून विचारायला आली, तिला सांगितलं, मामाचं पत्र. तुला ते दिसतात, हात हलवतात, तू घाबरतोस. घाबर. त्यांनी तुला काहीही विचारलं, गोड बोलून विचारलं किंवा कसंही, तरी तुला खरंच काही माहीत नसलं पाहिजे.

पत्ता म्हणून कळवत नाही. पण कारण तेवढंच नाही, आणि लपवाछपवी मलाही नको. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अजून नाही म्हणालेलो नाही. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तू वाईट नाहीस रे, कधीच नव्हतास. आपली गोष्ट ऐकून तुझे डोळे भरून येतात, आणि डोळे भरून आलेला तू समोर येईल त्याला सांगत सुटतोस. मला या मुलीला घेऊन तुझ्या त्या अजूनच्या भरवशावर झोपता येत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंकडे आता पत्र देऊ नकोस. त्या पुढे पाठवणार नाहीत, मीच तसं सांगितलंय. मीही लिहिणार नाही. हे पत्रसुद्धा भलत्याच गावच्या पेटीत पडलेलं असेल, शिक्का बघून शोधत बसू नकोस.

जेवत जा वेळेवर. माझा जीव तुझ्यात आहे, पण तो तू लांबूनच सांभाळ.

तुझी,
ताई